उचलीची वही आधी उघडा : जिनिंग, वीटभट्टी आणि शेतकरी कंपन्यांनी वेठबिगारी रोखायची कशी

होळीच्या आदल्या दिवशी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात एक कोरकू जोडपं चुलीपाशी बसलेलं दिसलं. मेळघाटातला माणूस कुठेही कामाला असो, होळीला घरी जातोच. दिवाळी हुकली तर हुकली, होळी हुकत नाही. बाकीची टोळी दोन दिवस आधीच धारणीकडे गेली होती. मी विचारलं, "काहून रे, तुमी नाई गेले?" तो राखेत काडी फिरवत म्हणाला, "जाना तो है भाऊ, पन मुकादम म्हनते हिसाब बाकी हाय." किती बाकी, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि त्या जिनिंगचा हिशेबनीस मीच होतो.

गेट उघडं होतं. काठी घेऊन कोणी उभं नव्हतं. तरी ती दोघं जाऊ शकत नव्हती. ज्याला आता मोठ्या कंपन्या 'आधुनिक गुलामगिरी' म्हणतात, ती आपल्याकडे बहुतेक वेळा अशीच असते: साखळदंड नाही, एक वही असते आणि ती मजुराला वाचता येत नाही.

हा लेख जिनिंगवाले, वीटभट्टीवाले, संत्र्याचे व्यापारी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक यांच्यासाठी आहे. बऱ्याच जणांकडे हल्ली सूतगिरणीकडून किंवा निर्यातदाराकडून एक फॉर्म येतो. त्यात विचारलेलं असतं, तुमच्याकडे सक्तीची मजुरी आहे का? मालक म्हणतो, "नाही लिहून टाक अन् शिक्का मार." हा फॉर्म उगाच येत नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना यावर दरवर्षी निवेदन काढावं लागतं. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपियन संघात १४ डिसेंबर २०२७ पासून सक्तीच्या मजुरीतून बनलेला माल विकताच येणार नाही. आपल्याकडे सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायातल्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल, सक्तीचा केला, त्यातही हे प्रश्न आहेत. पण माझं मत विचाराल तर फॉर्म बाजूला ठेवा. आपला स्वतःचा वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे आणि तो या सगळ्यांपेक्षा कडक आहे.

पहिलं काम : साखळी कागदावर काढा

एक मोठा कागद घ्या. मध्ये आपलं जिनिंग काढा. एका बाजूला कापूस येतो कुठून, दुसऱ्या बाजूला रुईच्या गाठी आणि सरकी जाते कुठे, ते लिहा. मग प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: इथे हाताने काम कोण करतं आणि त्याला इथे कोणी आणलं?

आवारातले लोक पटकन आठवतात. विसरतात ते बाकीचे. नवीन गोदाम बांधताना विटा कोणत्या भट्टीच्या आल्या? सरकीच्या पोत्यांची हमाली कोणाकडे? रात्री ट्रक भरणारी पोरं कोणाची, आणि त्यांची वयं काय? शेतावर वेचणीला टोळी आली ती गावातली की बाहेरची? अजून मागे गेलात तर बियाणं. संकरित कापसाच्या बीजोत्पादनात प्रत्येक फुलाचे पुंकेसर हाताने काढून परागीकरण करावं लागतं. गुजरात, तेलंगणा, आंध्र प्रदेश, कर्नाटकातल्या प्लॉटांवर या कामाला मुलं लावल्याचं अनेक वर्षांपासून समोर आलेलं आहे. ते आपल्या हातात नाही, पण बियाणं कंपनीला विचारणं हातात आहे.

सगळीकडे एकदम लक्ष देणं जमत नाही. म्हणून जिथे तीन गोष्टी एकत्र दिसतात तिथे लाल खूण करा: माणसं बाहेरगावची, राहायला कामाच्या जागीच, आणि आली मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवर. यातलं एकेकटं काही वाईट नाही. तिन्ही एकत्र आली की तिथे जाऊन बघायचं. आमच्या भागात हे बहुतेकदा वीटभट्टीवर आणि जिनिंगच्या टिनाच्या खोल्यांत सापडतं.

दुसरं काम : खुणा ओळखणं

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या अकरा खुणा सांगितल्या आहेत: फसवणूक, फिरण्यावर बंधन, कागदपत्रं अडकवणं, मजुरी दाबून ठेवणं, कर्जात अडकवणं, धमकी, मारहाण, वगैरे. आपल्या आवारात त्या अशा दिसतात.

आधार कार्ड 'सांभाळून ठेवायला' मुकादमाकडे असतं. बँकेचं पासबुक आणि एटीएम कार्डही त्याच्याकडेच, पिनसकट. मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीवर, वीस अंगठे, पण सगळ्यांचा ठसा सारखाच दिसतो. नवराबायकोचा पगार 'जोडी' म्हणून एका नावावर, बाईचं नाव कुठेच नाही. घरी कोणी वारलं तर एक जण जातो आणि बायको-पोरं मागे 'राहतात'. बाजाराच्या दिवशी सोबत मुकादमाचा माणूस. आणि मजुरी किती ठरली असं विचारलं की मजूर मुकादमाकडे बघतो.

कायदा काय म्हणतो तेही नीट समजून घ्या, कारण इथे घोळ होतो. उचल देणं हा गुन्हा नाही. वेठबिगार निर्मूलन कायदा, १९७६ प्रमाणे प्रश्न असा आहे: त्या उचलीपोटी माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं, हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य गेलं का? किंवा त्याला किमान वेतनापेक्षा कमी मिळतं का? यातलं एक जरी झालं तरी ती वेठबिगारी. कर्ज लेखी असायची गरज नाही. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचं ओझंही देणाऱ्यावरच टाकलेलं आहे. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणं म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ मधली सक्तीची मजुरीच. "तो स्वतःहून आला होता" हे उत्तर त्यापुढे टिकत नाही.

तिसरं काम : उचलीची वही

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकी सगळं सोडलं आणि एवढंच केलं तरी निम्मं काम झालं.

त्या संध्याकाळी मी मुकादमाकडून वही मागून घेतली. लाल पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली. त्या जोडप्याच्या पानावर जमेला एकच ओळ होती: दोघांचे शंभर दिवस, माणशी ३५० रोज, एकूण ७०,००० रुपये. नावे बाजूला मात्र ओळीच ओळी. दिवाळीला दिलेली उचल ४०,०००. अठरा आठवड्यांची खर्ची (खाण्यापिण्यासाठी दर आठवड्याला दिलेले पैसे), हजार रुपयांप्रमाणे, १८,०००. गाडीभाडं १,२००. कमिशन, मजुरीच्या दहा टक्के, ७,०००. खाडे बारा, दर खाड्याला ५०० दंड, म्हणजे ६,०००. दवाखाना ३,५००. ब्लँकेट, स्टो, ताडपत्री १,८००. आणि उचलीवर महिना पाच टक्के व्याज, चार महिन्यांचं ८,०००. नावेची बेरीज ८५,५००. बाकी: मजुराकडे १५,५००.

आता तीच वही सरळ करू. कमिशन ही मुकादमाची कमाई, ती ज्याने त्याला कामावर ठेवलं त्याने द्यायची. ते ७,००० गेले. खाड्याच्या दिवसाचा रोज तसाही मिळालेला नाही, वर दंड कसला? दंड फक्त ठरलेल्या चुकांसाठी आणि मजुरीच्या तीन टक्क्यांपर्यंतच लावता येतो, ६,००० गेले. व्याजाचे ८,००० गेले. गाडीभाडं बोलावणाऱ्याचं; १,२०० गेले. एकूण २२,२०० रुपये खोटे निघाले. जे १५,५०० देणं लागत होते, त्यांचंच ६,७०० रुपये घेणं निघालं. आणि ३५० हा रोज त्या वेळच्या किमान वेतनात बसतो की नाही, हे तर मी बघितलंही नव्हतं.

म्हणून वहीचे नियम असे ठेवा.

वही कंपनीची, मुकादमाची नाही. उचल द्यायचीच असेल तर कंपनीने थेट मजुराच्या हातात द्यावी, नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. मुकादमाने गावात आपल्या खिशातून दिलेली उचल कंपनी मानणार नाही, हे त्याला हंगामाआधीच सांगा. तो कुरकुर करेल. करू द्या.

उचलीवर व्याज नाही. हप्ता ठरवून घ्या, आणि सगळ्या कपाती मिळून कोणत्याही पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. कायद्याची मर्यादाच तेवढी आहे. मी स्वतः पाव भागाच्या वर जाऊ देत नाही, कारण हातात पैसा राहिला नाही की माणूस पुन्हा खर्ची मागतो आणि वही पुन्हा फुगते.

मजुराकडे त्याची स्वतःची छोटी वही हवी. दर आठवड्याला दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून वाचायच्या, आणि वाचायच्या त्याच्या भाषेत. कोरकू, गोंडी किंवा छत्तीसगढी येणारा माणूस टोळीतच असतो. मुकादमाच्या नात्यातला सोडून दुसरा शोधा.

सगळ्यात महत्त्वाची ओळ वहीच्या पहिल्या पानावर छापून घ्या: "उचल बाकी असली तरी काम सोडून जाता येईल." गेला तर? पैसे बुडतील, कधीकधी बुडतात. तो धंद्यातला तोटा समजा, जसा भिजलेल्या कापसाचा समजता. बुडू नयेत म्हणून मुळात उचल लहान द्या. माणशी एका महिन्याच्या मजुरीवर उचल गेली की मी सही करत नाही.

चौथं काम : मुकादमाचा करार आणि मुकादमाचा दर

करार साधा, एका पानाचा असावा. किती माणसं, नावं आणि वयं, कोणत्या गावची, रोज किंवा उक्तं काम असेल तर नगाचा दर, कमिशन किती आणि ते कंपनी देणार, कागदपत्रं कोणी ठेवून घेणार नाही, अठरा वर्षांखालचं कोणी यंत्रावर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे नोंदणी आणि परवान्याचे आकडे बदलले. आपल्या सल्लागाराकडून एकदा तपासून घ्या. एक गोष्ट जुन्या कायद्यात होती आणि नव्यातही आहे: ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची. "आम्ही त्याला पैसे दिले होते" म्हणून सुटका होत नाही.

पण कराराच्या आधी दर बघा. वेठबिगारीची खरी सुरुवात पुष्कळदा आपल्याच टेबलावर होते. समजा, एका ठेकेदाराने गाठीमागे ११० रुपये दर दिला. दिवसाला दोनशे गाठी, म्हणजे २२,००० रुपये. दोन्ही पाळ्यांना मिळून माणसं साठ. भागून बघा: माणशी ३६६ रुपये, तेही त्याचं कमिशन, भविष्य निर्वाह निधी, आठवड्याची सुट्टी, काहीच न धरता. हा आकडा त्या दिवशीच्या किमान वेतनाच्या खाली असेल तर सगळ्यात स्वस्त ठेकेदार मिळाल्याचा आनंद करू नका. फरक टोळीच्या पोटातून निघणार आहे, आणि तुम्ही भागाकार केला असता तर ते आधीच कळलं असतं. वीटभट्टीवर हजारी दराचा (हजार विटांमागच्या दराचा) हिशेब असाच करा: एक जोडी दिवसाला किती विटा पाडते ते एक दिवस स्वतः उभं राहून मोजा.

याबाबतीत आणखी एकच: पैसे वेळेवर द्या. तुम्ही ठेकेदाराला दोन महिने लटकवलं की तो टोळीला लटकवतो.

पाचवं काम : मजुरांशी बोलणं

ऑफिसात बोलावून, खुर्चीवर बसवून, मुकादमासमोर "काही त्रास तर नाही ना?" विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे. मी दोन ठिकाणी बोलतो: सकाळी नळावर आणि आठवडी बाजारात. बायकांशी बोलायला बाईच हवी. गावातली आशा ताई किंवा बचत गटातली एखादी जाणती बाई बरोबर घ्या. ज्या गोष्टी पुरुषांसमोर निघत नाहीत, त्या तिथे निघतात.

प्रश्न हो-नाहीचे नकोत. "गावाहून निघताना मुकादमानं काय सांगितलं होतं?" "मागच्या शनिवारी हातात किती आले?" "आधार कार्ड कुठे हाय, दाखवता का?" "उद्या घरी जायचं म्हटलं तर काय होईल?" शेवटच्या प्रश्नानंतर थांबा. लगेच दुसरं काही विचारू नका. ती शांतता बऱ्याचदा सगळं सांगते.

कोणी काय सांगितलं हे मुकादमाला कळलं तर त्या माणसाचं काय होईल, हा विचार वहीत नाव लिहिण्याआधी करा. मी नावं लिहीत नाही, खोलीचा नंबरही नाही.

मुलं दिसली तर वेगळं बघा. चौदा वर्षांखालचं मूल कामाला लावणं सगळीकडे बंद आहे, आणि चौदा ते अठरा धोक्याच्या कामावर चालत नाही. आईबरोबर आलेल्या मुलांसाठी जवळच्या अंगणवाडीत आणि शाळेत सांगा. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. रेशन कार्ड कुठल्याही दुकानात चालतं, हे टोळीला कोणी सांगितलेलंच नसतं. सांगा. किराण्याची उधारी कमी झाली की वहीही कमी होते.

शेतावर : सालगडी आणि वेचणी

हा भाग लिहिताना जरा अवघड जातं, कारण इथे मालकही बरेचदा कर्जात बुडालेला शेतकरीच असतो. तरी सांगायला हवं. सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल गुढीपाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. धोका असतो तो बाकी पुढच्या सालात ओढण्यात. तीन पाडवे तीच बाकी वाढत चालली असेल, किंवा बाप थकला म्हणून त्याच उचलीवर पोरगा आला असेल, तर ती जुन्या नात्याची गोष्ट राहत नाही. बापाचं कर्ज पोराच्या अंगावर टाकणं ही वेठबिगारी आहे, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. शेतकरी कंपनीने सभासदांसाठी एक साधा नियम करावा: पाडव्याला हिशेब कोरा, बाकी असेल तर ती सोडायची किंवा गड्याने दुसरीकडे काम करून सवडीने द्यायची.

वेचणीचं वेगळं. पहिल्या वेच्याला बोंडं भरलेली असतात, बाई पटापट वजन भरते. शेवटच्या वेच्याला तीच बाई दिवसभर वाकून निम्मंही वेचत नाही, आणि किलोचा दर तोच. दर वेच्यागणिक दर वाढवला नाही तर दिवसाची मजुरी किमान वेतनाखाली जाते. काट्यावर उभं राहून आणखी एक बघा: एकीच्याच नावावर इतरांच्या दुप्पट कापूस चढत असेल तर तिच्या मागे पोरांचे हात आहेत.

सापडलं तर काय करायचं

आधी काय करायचं नाही ते. टोळीला रात्री ट्रकमध्ये बसवून गावी पाठवू नका. वही फाडू नका, ती पुरावा आहे. ठेकेदाराला फोनवर झापू नका. तो पोहोचेपर्यंत माणसं पांगवली जातात. आणि "आपला संबंध नाही" म्हणून करार तोडून हात झटकू नका, त्याने त्यांची मजुरीही जाते.

मी ती चूक केली आहे. त्या जोडप्याला मालकाकडून ६,७०० रुपये मिळवून दिले, सरकीच्या ट्रकमध्ये परतवाड्यापर्यंत पोहोचवलं, आणि फार मोठं काम केलं असं वाटलं. तहसीलदारांकडे गेलो नाही. पुढच्या दिवाळीला तोच मुकादम त्यांच्या दारात उचल घेऊन उभा होता, आणि ती दोघं दुसऱ्या भट्टीवर गेली.

करायचं ते असं. मारहाण, कोंडून ठेवणं असलं काही असेल तर लगेच ११२. मूल असेल तर १०९८. बाकी वेळी जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांना लेखी कळवा. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती नेमणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि चौकशी करणं प्रशासनाचं काम आहे. मोफत वकील हवा असेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण. चौकशीत वेठबिगारी ठरली की मुक्तता प्रमाणपत्र मिळतं, आणि खरा फरक या कागदाने पडतो. कर्ज कायद्यानेच संपलेलं असतं, ते नंतर वसूल करणारा गुन्हेगार ठरतो. केंद्राच्या योजनेतून तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत, आणि पुनर्वसनासाठी प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांसाठी २ लाख, अत्याचार किंवा मानवी तस्करीच्या गंभीर प्रकरणांत ३ लाख. वेठबिगारी करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

"मग आमच्यावरही केस होईल ना?" हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. होऊ शकते. ज्याने स्वतः शोधलं, मजुरी चुकती केली, वही हजर केली आणि लेखी कळवलं, त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. दुसऱ्याने धाड टाकून शोधलं तर फक्त वही असते, तीही मुकादमाची.

वर्षाचं वेळापत्रक

महिन्यांनी आखू नका, सणांनी आखा. टोळ्या सणांनीच चालतात. पोळा झाला की साखळीचा कागद आणि दराचा भागाकार. दसऱ्याआधी मुकादमाचा करार. दिवाळीनंतर टोळी आली की पहिल्या आठवड्यात नावं, वयं, उचल आणि आधार ज्याचं त्याच्या हातात. संक्रांतीला सगळ्या वह्यांची एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासणी. होळीच्या आठ दिवस आधी प्रत्येकाचा हिशेब चुकता, रोख किंवा खात्यात, वाचून दाखवून.

आणि होळीच्या आदल्या संध्याकाळी आवारात स्वतः एक चक्कर मारा. कुठे चूल पेटलेली दिसली तर नाव विचारा, आणि त्याच वेळी वही काढा.